हिरव्या टोकाचा बार

जालन्यात लोखंड शोधायला जावं लागतं का कुठं?
रात्रभर रोलिंग मिल गुरगुरत असते,
सकाळी दोरीवरच्या सदऱ्यांवर काळी कणी.
गच्चीगच्चीवर सळ्या उभ्या,
न बांधलेल्या मजल्याची वाट बघत.

म्हणून मीही तीच आणली,
बारा एमएमची, हातभर, कुणाच्या तरी स्लॅबमधून उरलेली.
पत्र्याच्या शेडमध्ये नवा लेथ होता.
नवा म्हणजे मला नवा;
चिकलठाण्याच्या बंद पडलेल्या कारखान्यातून
छोट्या हत्तीत ताडपत्रीखाली झाकून आणलेला.
बायकोनं शेजारी सांगितलं, शिवणमशीन आहे.

चकात सळी आवळली, टूल टेकवलं.
तिच्या अंगावरच्या कडांनी टक टक टक केलं
आणि टूलची चोच उडाली ती थेट कॅलेंडरमध्ये,
मार्च महिन्यात,
दहावीच्या पेपरांच्या आठवड्यात.

मुनीरोद्दीन मिस्त्री हसले नाहीत.
चहा बशीत ओतला, फुंकला.
"वो खडे रहने का लोहा है मास्टर.
कटने का नई."
लाल असतानाच पाण्यात विझवतात हिला, म्हणाले,
कातडी निबर होते, आत मऊच राहते.
तुमच्या हेडमास्तरसारखी.

मग बाजेखालून एक बार ओढला,
गुळगुळीत, कागदात गुंडाळलेला,
टोकाला त्यांनीच फासलेला हिरवा रंग.
"ईएन वन. ह्याच्यात गंधक असतं, मुद्दाम घातलेलं.
शिसं पण, चिमूटभर."
मी म्हटलं, म्हणजे भेसळ?
"शंकरपाळ्याला मोहन घालती ना घरवाली?
मग ती भेसळ करती काय?
मोहन नसलं तर चिवट होतंय. तुटत नाही."

खरंच तुटत होतं.
लांब वेटोळी नाहीत, बोटं कापणारी,
तिळाएवढे तुकडे ट्रेमध्ये पडत होते
आणि आवाज येत होता
कुणी तरी बाजूच्या खोलीत भुईमूग सोलतंय असा.
बार थांबला तेव्हा त्यात मी दिसलो,
चष्म्यासकट, जरा लांबट.

त्या उन्हाळ्यात मी सगळ्यांसाठी काही ना काही केलं.
डब्याच्या झाकणाची मूठ, भोवऱ्याची आर,
गिरणीवाल्या सोनाजीला तीन बुश,
ज्याला काहीच नको होतं त्याला पेपरवेट.
हात बसला असं लोक म्हणत.
मी खुलासा केला नाही.

मग कौतिकाबाई आली, पदराच्या गाठीत
दोन तुकडे झालेला आस घेऊन.
दादारावची तीनचाकी मंठा चौफुलीवर बसली होती,
आरसे-कंगव्यांच्या पेटीसकट, मागे ट्रक हॉर्न देत.
"काहून तुटला मास्तर? नवाच टाकला व्हता."
तुटलेली जागा मी उजेडात धरली.
दिसत काहीच नव्हतं. कळत होतं.

हिरव्या टोकाचा बार चकात होताच.
एक संध्याकाळ पुरली असती,
चमकलाही असता.
किल्ली फिरवली, बार सोडवला,
सायकल काढली.

"ईएन आठ," मी म्हटलं.
मिस्त्रींनी माझ्याकडे नीट बघितलं, पहिल्यांदाच.
"अब रोना है तेरे को," म्हणाले,
आणि पैसे कमी घेतले.

रडलो नाही, पण टूल चार वेळा घासलं.
कीस निघाला निळसर, लांब, हट्टी,
तेल जळल्याचा वास स्वयंपाकघरापर्यंत,
मध्येच लाईट गेली,
आणि मी अंधारात त्या गरम आसाशेजारी
गप्प बसून राहिलो, आजाऱ्यापाशी बसावं तसा.
दुसऱ्या दिवशी झाला. ओरखडे राहिले दोन,
बेअरिंगमध्ये न जाणाऱ्या भागावर.

दादाराव आता रोज साडेनऊला शाळेवरून जातो.
आस दिसत नाही, तो कुणाला दिसायचा नसतोच.
चाकाच्या मधोमध दिसते ती टोपी,
उन्हात लखलखणारी, पोरं तिच्यात तोंड बघतात.

ती हिरव्या टोकाची.
दहा मिनिटांत केली होती.